समोरचा नेम

लाइट येईपर्यंत इथेच बस, मिहिका. शारजात उन्हाळ्यात लाइट गेले की लवकर येत नाहीत. तो इमर्जन्सी लॅम्प जरा इकडे सरकव. दर शुक्रवारी दुपारी आत्या एकटीच रेंजवर का जाते, असं सारखं विचारतेस ना? आज सांगते.

अठ्ठ्याण्णवचा जून होता. मी दुबईला, देऱ्याच्या बाजारात गेले होते, जवसाचं तेल आणायला. तेल हवं होतं नूरुद्दीनभाईंना, एका जुन्या पिस्तुलाच्या लाकडी मुठीसाठी. हे आमच्या शूटिंग क्लबचे आर्मरर, म्हणजे हत्यारांची सगळी दुरुस्ती त्यांच्या हातची. दापोलीकडचे. मी त्याच क्लबात पिस्तूल शिकवायचे.

क्लबच्या एका जुन्या मेंबरच्या बायकोने नवरा गेल्यावर एक पिस्तूल क्लबला देऊन टाकलं होतं. पेटी तिने हातातसुद्धा धरली नव्हती, ड्रायव्हरने आत आणली. लांब नळीचं, एकेक काडतूस भरायचं, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं. गंजून गेलेलं. लाकडी मुठीला भेग. नूरुद्दीनभाईंनी त्यावर अख्खा हिवाळा घालवला. तेलात भिजवून गंज सोडवला, स्प्रिंग बदलली, फायरिंग पिन स्वतः घासून नवी केली. मुठीच्या भेगेत अक्रोडाच्या लाकडाची चीप बसवली, ती शोधायलाही बोट फिरवावं लागायचं. मग पिस्तूल शिकंज्यात आवळून, लांब दोरीने चाप ओढून पाहिला. बार झाला. नळी शाबूत होती.

पण माणसाच्या हातून ते उडेना.

आमचा मॅनेजर संजय, नागपूरचा, चांगला नेमबाज. त्याने उचललं, नेम धरला आणि तसंच खाली ठेवलं. कपाळावर घाम. "हेमा मॅडम, समोरून कोणीतरी बघतंय," एवढंच म्हणाला. त्याच्यानंतर अजून दोघांनी धरलं. दोघांनीही न उडवता ठेवलं, आणि का ते सांगितलंही नाही.

"खलास, मॅडम," संजय म्हणाला. "काचेच्या कपाटात ठेवून देऊ. शोपीस. उगाच रिस्क कशाला?"

नूरुद्दीनभाईंनी पिस्तूल उचलून पेटीत ठेवलं. त्यांचा व्हिसा संपत आला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते कायमचे गावी निघाले होते. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "हेमाबाय, शिकंज्यात वाजलेला बार काय बार असतो? माणसाच्या हातून एकदा वाजला असता तर बरा झाला असता."

मला राग आला. भाईंवर नाही, त्या बघणाऱ्यावर. लहानपणापासून मला बघणारे पुष्कळ भेटले होते. मुलगी बंदूक धरते म्हणून बघणारे, हात कधी थरथरतो याची वाट पाहणारे. मी कोणासाठी नेम खाली घेतला नव्हता. मेलेल्या माणसासाठी कशाला घेऊ?

शुक्रवारी क्लब दुपारी बंद असायचा. जुम्याची नमाज पढून भाई आले. बाहेर ऊन असं की पार्किंगमधलं डांबर चपलेला चिकटत होतं. आत रेंजमध्ये मात्र गार आणि काळोख. लांबच लांब गल्ली, तिच्या टोकाला एकच दिवा, दिव्याखाली कागदाचं टार्गेट. एसीची घरघर. बंदुकीच्या तेलाचा वास, आणि त्याच्याखाली दुसराच काहीतरी... ओलसर, बंद कपाटातल्या लोकरीसारखा.

काडतूस भरलं. हात वर केला.

टार्गेट अंधुक झालं. दिवा गेला नव्हता. दिव्यापुढे कोणीतरी येऊन उभं राहिल्यावर होतं तसं... कागदाची खालची कड आधी काळवंडली, मग मधला भाग. दिसत कोणीच नव्हतं. पण माझ्या दोन भुवयांच्या मधोमध गारठा बसला, जणू कोणी तिथे बोट टेकवलं होतं.

मी काडतूस काढून घेतलं, पिस्तूल उघडून टेबलावर ठेवलं. "भाई... तिकडे कोणी आहे का?"

भाई गल्लीतून चालत गेले. ओठांत काहीतरी पुटपुटत होते. टार्गेटला हात लावला, मागे वाकून पाहिलं, परत आले.

"कोण नाय, बाय." मग हळूच, "...पण तिथं लय थंड आहे."

"जाऊया?" मी विचारलं. खरं सांगते, ते हो म्हणाले असते तर मी गेले असते.

भाईंनी आपले कानावरचे मफ काढून टेबलावर ठेवले. "मी कान झाकणार नाय. मला आयकायचाय."

मी परत काडतूस भरलं. हात जड झाला, मनगटाला कोणी लोंबकळावं इतका. तो गारठा कपाळावरून डोळ्यांत उतरला. मी मोठ्याने म्हणाले, "तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. हत्यार तुमचं असेल. हात माझा आहे. बाजूला व्हायचं तर व्हा, नाही तर उभे राहा."

अर्धा श्वास सोडला. चाप दाबला.

बार गल्लीभर घुमला. मागे वळले तर भाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. "एकच," ते म्हणाले, "एकच, पण काय सुरेख वाजला!"

बटण दाबलं. तारेवरून टार्गेट खडखडत जवळ आलं. माझी गोळी बरोबर मधल्या काळ्या वर्तुळात होती. आणि वर, कोपऱ्यात, दुसरं भोक होतं. कागद मी स्वतः नवा लावला होता.

भाईंनी त्यावर बोट फिरवलं. माझ्या भोकाच्या कडा मागच्या बाजूला फाटल्या होत्या. त्या दुसऱ्याच्या कडा आमच्याकडे वळल्या होत्या. ते मागून पुढे झालं होतं.

आम्ही आमच्या मागची भिंत पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

मला वाटलं भाई पेटी बंद करतील. त्यांनी फडकं घेतलं आणि नळी पुसायला बसले. "वापरलेला हत्यार घाण ठेवायचा नसतो, बाय," म्हणाले, "कोण का बघेना." आणि मला तेल किती, कुठे, केव्हा घालायचं ते सगळं शिकवून पुढच्या महिन्यात गावी गेले.

"आत्या, यू आर मेकिंग धिस अप," असं म्हणशीलच तू. म्हण. पिस्तूल कपाटात गेलं नाही. संजयला मी सांगितलं, याची देखभाल माझ्याकडे, आणि पडून राहिलेलं हत्यार गंजतं. पाच वर्षं झाली. दर शुक्रवारी एक गोळी, आणि कागदावर दोन भोकं. साफ करते, तेल देते, घरी येते. मी थांबणार नाही. तो समोरचा थांबला तर थांबू दे.

फक्त एक गोष्ट भाईंना फोनवर सांगितलेली नाही. ते दुसरं भोक पहिल्यांदा कागदाच्या कोपऱ्यात होतं. वर्षभराने ते वर्तुळाच्या बाहेरच्या रेघेवर आलं. मग आत. गेल्या शुक्रवारी टार्गेट जवळ आणलं तर भोक एकच दिसलं, अगदी मधोमध. आणि त्याच्या कडा दोन्ही बाजूंना फाटलेल्या होत्या.