हिरव्या झाकणाचा डबा

“आमची कोंगी चोरीला गेली हो!” असं फोनवर रडणाऱ्या हेवॉनच्या माहेरी, नाजू गावात, खासगी गुप्तहेर तक युनजू पोचली, तेव्हा दारात तिचं स्वागत कोंगीनेच केलं. म्हातारी, पांढरीशुभ्र जिंदो जातीची कुत्री. एका कानाला पट्टी, शेपूट मात्र जोरात.

“केस सुटली,” युनजूचा मदतनीस प्यो म्हणाला. “जेवून निघू या.”

“ही नाही हो, दुसरी कोंगी!” हेवॉनने डोळे पुसले. “काल डॉक्टरांनी हिच्या कानाचा इवलासा तुकडा काढला. त्यावरून प्रयोगशाळेत हुबेहूब अशीच कोंगी जन्माला घालणार होते. क्लोन. बाबांच्या सत्तरीची भेट! तुकड्याची कुपी मी डब्यात घालून किमचीच्या, म्हणजे मुरवलेल्या कोबीच्या, फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी बघते तर डब्यासकट गायब. आणि संध्याकाळी प्रयोगशाळेची गाडी येतेय.”

“मग दुसरा तुकडा काढा की,” प्यो म्हणाला.

“पुन्हा भूल दिली तर ही उठायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. आई गेल्यापासून बाबांना हिचाच आधार आहे. ही गेली की बाबा इथे एकटे...”

“डबा कसा होता?” युनजूने विचारलं.

“हिरव्या झाकणाचा. हाताला आला तो घेतला. मी तिकडे सोल शहरात राहते, इथली भांडी मला कुठे ठाऊक?”

स्वयंपाकघरात तिचा नवरा दोंगमिन फुरंगटून बसला होता.

“चोर मीच, असं सगळ्यांना वाटतंय. कारण मी एकट्यानेच विरोध केला. माणूस गेलं तर आपण श्राद्ध घालतो, त्याची दुसरी प्रत काढत नाही. पण चोरी मी केली नाही. या कुत्रीचं माझं वाकडं आहे, हे मात्र खरं. माणूस आवडला की ती त्याच्या चपलांवर झोपते, त्याने जाऊ नये म्हणून. माझे बूट तिने अजून हुंगलेही नाहीत.”

युनजूने फळीवरचं ताट उचललं. “हे वेगळं दिसतंय.”

“शेजारच्या ओकबुन मावशींचं. रिकामं भांडं परत करायचं नाही, म्हणून त्या आणि सासरेबुवा कित्येक वर्षं एकमेकांना खाऊ घालताहेत.”

सासरेबुवा, म्हणजे मेंगबाबा, अंगणात कोंगीला उकडलेलं रताळं भरवत होते. “मला काय विचारता? फ्रिजमधलं मला काही कळत नाही,” एवढंच म्हणाले.

दोघं शेजारी गेले, तर ओकबुन मावशींनी आधी प्योला खायला घातलं, मग तोंड उघडलं. “हिरवं झाकण? अहो, तो माझाच डबा! सकाळीच हेवॉनच्या बाबांनी आणून दिला. वर दोन नासपती. म्हणाले, आठ दिवस उघडू नका, मुरू द्या. तसाच फ्रिजमध्ये ठेवलाय.”

डबा उघडला. कुपी आत सुखरूप होती.

सगळे मेंगबाबांच्या घरी जमले. प्यो खुशीत होता. “साधी चूक! हेवॉनताईंनी शेजारचा डबा वापरला. बाबांना वाटलं, मुलीने परत द्यायला भरून ठेवलाय. दिला नेऊन.”

“हो, हो! चुकून झालं,” मेंगबाबा घाईने म्हणाले.

“मग वर नासपती कशाला?” युनजूने विचारलं.

मेंगबाबा वाकून कोंगीला थोपटू लागले, तशी युनजू पुढे म्हणाली,

“डब्यात किमची आहे असं वाटलं असतं, तर तुम्ही तो तसाच दिला असता. भरल्या डब्यावर भेट कोण ठेवतं? आत खायचं काही नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणजे तुमच्या लेखी डबा रिकामा! आणि रिकामं भांडं परत करणं तुमच्या हाताला जमेना. बाबा, तुमच्या चांगल्या वळणानेच तुम्हाला पकडून दिलं. उघडू नका म्हणालात, म्हणजे गाडी येऊन जाईपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. पण फेकून मात्र दिला नाहीत.”

“फेकायला हात धजेना,” मेंगबाबांनी कबूल केलं. “कोंगीचाच तुकडा ना तो. हेवॉन, तू एवढ्या मायेने आणलंस, तुला नाही कसं म्हणू? पण कालपासून कोंगी समोर बसलीय आणि तुम्ही सगळे फ्रिजकडे बघताय. नवी येईल, ती हिच्यासारखी दिसेल. पण तुझी आई गेली त्या रात्री माझ्या पायाशी बसली होती, ती हीच. मला हीच हवी, आहे तोवर.”

हेवॉन रडत त्यांच्या गळ्यात पडली. “पण नंतर तुम्ही एकटे...”

“एकटे?” युनजू हसली. “ताई, या दोन घरांतला डबा कधी रिकामा फिरत नाही, म्हणून फेऱ्याही कधी संपत नाहीत. एकटं कोण आहे इथे?”

मेंगबाबांचे कान लाल झाले. दोंगमिन प्रथमच खो खो हसला.

कुपी नासपतीच्या झाडाखाली पुरली. प्रयोगशाळेची गाडी परत गेली, पण ड्रायव्हरच्या हातात किमची दिल्यावरच.

ओकबुन मावशी धुतलेला डबा घेऊन दाराशी घुटमळत होत्या. “हा आता रिकामाच घरी न्यायचा की काय?”

“नेऊच नका,” मेंगबाबा म्हणाले. “आज जेवायला इथेच थांबा.”

“छे, छे, मी निघते,” असं म्हणून मावशी वळल्या. पण जाणार कशा? कोंगी केव्हाच त्यांच्या चपलांवर जाऊन झोपली होती.