शेवटच्या चरानंतर

एप्रिलमधल्या एका दुपारी क्लाइव्ह चुकीच्या दारातून आत आला. जायचं होतं शेजारच्या चहाच्या दुकानात, पण भिजत भिजत तो शिरला लॉर्नाच्या खोलीत, आणि यंत्रावर फिरणारी काळी तबकडी बघून दारातच थांबला. कोटाला ओळीनं सेफ्टी पिना, केसांतून पाणी गळत होतं.

"चहा मिळेल?"

"इथे फक्त रेकॉर्ड कोरतात," पांढऱ्या कोटातली लॉर्ना म्हणाली. "आणि ते पाणी यंत्रापासून लांब गाळ."

तो गेला मात्र नाही. मग लॉर्नानं त्याला दाखवलं... सुई गाणं तबकडीवर कशी कोरते, आवाज मोठा झाला की सुईनं पाडलेला बारीक चर कसा जास्त वळवळतो, कोरताना केसासारखं काळं सूत कसं निघतं. क्लाइव्हनं ते बोटाला गुंडाळलं. "हे गाणं का?"

"नाही. हे निघून गेल्यावर जी जागा उरते, ते गाणं."

कॉव्हेंट्रीची चार पोरं, तीन सूर आणि प्रचंड आरडाओरडा, हा क्लाइव्हचा बँड. नाव 'बस स्ट्राइक'. त्यानंतर क्लाइव्ह लंडनला दोनदा आला. दोन्ही वेळा चहासाठी, आणि दोन्ही वेळा चुकीच्याच दारातून.

जूनमध्ये तो आला तो गाण्याची टेप घेऊन. लॉर्नाचे साहेब मिस्टर टिल दाढदुखीनं घरी होते. चारला रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याची गाडी कोरलेली तबकडी न्यायला येणार होती. ती चुकली तर पुढची पाळी थेट ऑगस्टमध्ये, आणि बँडचा दौरा तर शनिवारी सुरू. लॉर्नानं एकटीनं कधीच रेकॉर्ड कोरली नव्हती. सव्वातीनपर्यंत दोन तबकड्या वाया गेल्या. दोन्ही वेळा पहिल्याच मिनिटात एक चर शेजारच्या चरात घुसला.

आता एकच तबकडी उरली होती.

"आवाज कमी करावा लागेल," ती म्हणाली.

"कमी आवाजात आमचं गाणं म्हणजे रविवारची प्रार्थना. पोरं मला रस्त्यात उतरवतील."

"मग लांबी कमी कर. लांब गाणं मावायला चर दाटीनं कोरावे लागतात, म्हणून ते एकमेकांवर आदळतात. दोन मिनिटांचं आहे म्हणाला होतास ना? साडेचार कसं झालं?"

क्लाइव्ह कोटाच्या पिनेशी चाळा करू लागला. "शेवटी एक कडवं वाढवलं... हळू चालीतलं."

"कशाला?"

"तू ऐकलं नाहीस?"

शेवटपर्यंत ती पोचलीच कुठे होती? लॉर्नानं कानाला हेडफोन लावला आणि टेप पुढे नेली. इतर वेळी ओरडणारा तो आवाज इथे अगदी खाली आला होता. पांढऱ्या कोटातली एक मुलगी, काळं सूत, एक दार. 'पहिल्यांदा चुकलो, नंतर नाही.' आणि शेवटी एक प्रश्न... 'परत येऊ का?'

तिनं हेडफोन काढला. क्लाइव्ह तिच्याकडे बघत नव्हता.

"तीन पस्तीस झाले," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "हे ठेवलं तर गाण्यातला जोर मरेल. कापलं तर वाचेल. गाणं तुझं आहे. तू सांग."

तो खिडकीकडे वळला. "गाणं चौघांचं आहे. काप."

तिनं पातं घेतलं. टेपचा तो तुकडा कापून टेबलावर ठेवला, टोकं जोडली, तबकडी चढवली, सुई टेकवली. दोन मिनिटं दोघांपैकी कुणी हललं नाही. चर रुंद, मोकळे, एकमेकांना न शिवता आत आत सरकत गेले.

आता राहिली शेवटच्या चरानंतरची रिकामी पट्टी. तिथे हातानं चार शब्द कोरायची या बँडवाल्यांची रीत. टोमणा, शिवी, काहीही.

"काय लिहू?"

"पोरं म्हणाली होती, 'पुढची बस नाही' लिही." तो अजून खिडकीतच बघत होता. "तुला सुचेल ते लिही."

हात जरा घसरला असता तर सुई गाण्यात गेली असती. लॉर्नानं श्वास रोखून अक्षरं कोरली. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

"काय लिहिलंस?"

"रेकॉर्ड आली की वाच."

तो गेला. चहाचं नावही काढलं नाही.

तीन आठवडे झाले. ना पत्र, ना फोन. रिकामी पट्टी कोण वाचतं? त्यानं ती कधी बघितलीच नाही तर? रोज दुपारी दार वाजलं की तिचा हात यंत्रावर थबके. दारात टपालवाला असे.

आणि एका कोरड्या, उन्हाच्या दुपारी दारात क्लाइव्ह उभा राहिला. हातात रेकॉर्ड.

"काल लीड्समध्ये एका पोरीनं ही उजेडात तिरपी धरली," तो म्हणाला. "मला विचारते, 'ऐकलं. ये.' म्हणजे काय? कुणी ऐकलं? कुठे यायचं?"

"मग? काय सांगितलंस?"

"काही नाही. सकाळची पहिली गाडी पकडली." त्यानं रेकॉर्ड टेबलावर ठेवली. "लॉर्ना... ते कडवं फेकलंस?"

लॉर्नानं खण उघडला. पत्र्याच्या डबीत टेपचा तो तपकिरी तुकडा नीट गुंडाळून ठेवलेला होता. क्लाइव्ह बघतच राहिला.

"चहा मिळेल?" त्यानं विचारलं.

लॉर्नानं पांढरा कोट काढून खुंटीला टांगला.

"चल, दुकानाचं दार दाखवते. तुला ते अजून सापडलेलं नाही."