सहा जणांची पाळी

गुडघे टेकून ती नव्वदीच्या म्हातारीच्या झग्याची उंची टाचत होती, तेवढ्यात म्हातारी वरून म्हणाली, "शिवणवाल्या बाई, जरा आखूडच ठेवा हं." स्वतःच्या आईच्या तोंडून ते 'बाई' ऐकलं की धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटे... दर आठवड्याला वाटे, आणि दर आठवड्याला ती मान खाली घालून टाचण्या लावत राही.

एके काळी तिच्या मशीनवर शाळेच्या गणवेशांचे ढीग पडत. मग पोरंच कमी झाली, शाळेला कुलूप लागलं, आणि ती या वृद्धाश्रमाचे झगे शिवू लागली. तिच्या आजीचं करायला सहा लेकरं होती. दोन-दोन महिन्यांची पाळी, वर्ष कसं बरोबर भरायचं! आईच्या वाट्याला मात्र ती एकटीच, तीही सहासष्ट वर्षांची, गुडघेदुखीने जेरीस आलेली. तिचा एकुलता एक मुलगा सातासमुद्रापार. न्हाणीघरात आईला उचलताना दोघी पडल्या, तासभर दोघींनाही उठता येईना, तेव्हा तिचा धीर सुटला. आश्रमात जागा फक्त निराधारांना. तिने अर्जात 'नातेवाईक : कोणी नाही' असं लिहिलं आणि स्वतःला शेजारीण म्हणवलं.

आईने तो अर्ज वाचला होता. लेकीचं खोटं उघडं पडू नये म्हणून त्या दिवसापासून तिने लेकीलाच परकं केलं.

आज व्यवस्थापिका कागद घेऊन आल्या. आजींचं काही बरंवाईट झालं तर कळवायचं कोणाला, असं त्यांनी विचारलं.

"कोणाला नाही," आई हसून म्हणाली. "माझे सगळे आधीच गेले."

जिवंतपणी आईने तिला मेलेल्यांत जमा केलं होतं, तेही तिच्याचसाठी!

"मी आहे," ती म्हणाली. "मी मुलगी आहे त्यांची. खोटं लिहिलं मी."

"ऐकू नका त्यांचं. माझी दया येते त्यांना, म्हणून बोलतात झालं," आई घाईघाईने म्हणाली.

लेक उठायला गेली, पण गुडघे आखडले आणि तिचा तोल गेला. त्यासरशी काठी टाकून आई वाकली, दोन्ही हात तिच्या काखेत घालून म्हणाली, "चिमे, भिंतीला धर... हळू, बाळा, हळू."

व्यवस्थापिकांनी पेन खाली ठेवलं. नियमाप्रमाणे खोली सोडावी लागेल, असं त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"आजच नेते," ती आईच्या कुशीत तोंड लपवून रडत म्हणाली. "मला माफ कर, आई..."

"वेडी का तू? सहा जणांचं काम एकटीने करणार?"

"एकटी कुठे? आत्ता मला कोणी उठवलं?"

आईने झग्याच्या बाहीने आधी लेकीचे डोळे पुसले, नंतर आपले.

"बरं, मग या टाचण्या तरी काढ आता," ती म्हणाली. "केव्हाच्या टोचतायत."