सत्तर किलो जास्त

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा वजनकाटा आहे. गाडी लोखंडी पाट्यावर चढते, ड्रायव्हर उतरून माझ्या खिडकीशी येतो, मी आकडा बघतो, पावती देतो. एकोणीस वर्षं हेच चाललंय. ड्रायव्हरने उतरायचं हा नियम माझा. कुणी नव्वद किलोचा, कुणी पंचावन्नचा. माणूस मालात कशाला मोजायचा?

मिथुन द्रोणागिरीचा, टँकर चालवतो. त्याचं वजन सत्तर. लग्नाआधी पोट सुटलंय म्हणून मी त्याला पिंपं मोजायच्या छोट्या काट्यावर उभं केलं होतं, आणि आकडा सगळ्यांना ओरडून सांगितला होता. त्याच्या टँकरचं रिकामं वजन अकरा हजार दोनशे चाळीस. डिझेलची टाकी भरूनच येतो, म्हणून दर खेपेला तेवढंच.

एप्रिलमध्ये एका सकाळी वीस किलो जास्त भरले.

"काय रे, काय लपवून आणलंस?"

"काय नाय ओ हौसेकाका. झोप आनलीय डोल्यावर. घरात एकवीस दिवसांचा पोर हाय, रातभर गानी म्हनतोय."

मी हसलो आणि वहीत वीस लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी चाळीस. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने ठोकळे ठेवून तपासलं आणि काटा बरोबर आहे असं लिहून दिलं. मग मी वहीत आणखी एक रकाना आखला: रात्री किती झोपला. येईल त्या ड्रायव्हरला विचारू लागलो. "काका, जावई शोधताय काय?" असं म्हणून हसायचे. पण सात तास झोपून आलेल्याची गाडी बरोबर भरायची आणि रात्र जागलेल्याची जास्त. माझ्या शेडमध्ये पाच तास पडून उठला की जास्तीचं गायब. चिखल, पाणी, पाना-पेटी, सगळं वजा करून पाहिलं. कारण सापडेना. कारण नसलेला आकडाही आकडाच असतो. मी लिहीत गेलो.

जागलेला माणूस मला आता लांबून ओळखू येतो. आधी तो चिडतो. मग नको तिथे हसतो. तिसऱ्या रात्रीनंतर बोलता बोलता थांबतो, डोळे उघडे ठेवून, दोन सेकंद. साठच्या वेगाने टँकर तेवढ्यात तेहतीस मीटर जातो. हाही हिशेब माझ्या वहीत आहे.

पाचव्या दिवशी मिथुन आला तेव्हा वसाहतीला साप्ताहिक सुट्टी होती. रस्ता मोकळा, ऊन टळटळीत, हवेत नेहमीचा आंबूस वास. मी मान खाली घालून तारीख लिहीत होतो.

"काका, पावती द्या. चारच्या आत द्रोनागिरीला पोचाचाय."

समोरचा आकडा अकरा हजार तीनशे दहा. बरोबर सत्तर जास्त. सवयीने म्हणालो, "आधी गाडीतून उतर."

"उतरलोच हाय ना?"

मी वर पाहिलं. तो खिडकीशी उभा होता. डोळे तांबारलेले, शर्टाचं बटण एक घर चुकलेलं.

मी जाऊन केबिनमध्ये डोकावलो. सीट, पाण्याची बाटली, आरशाला बांधलेलं बाळाचं टोपडं. कुणी नव्हतं. सीटचा फोम मात्र मधोमध दबलेला होता.

तेवढ्यात प्राचीचा फोन आला, मिथुनच्या बायकोचा. "काका, त्याला तसा सोडू नका. काल बोलता बोलता थांबला तो. बाळ हातात होतं त्याच्या."

"झोपल्याशिवाय सोडत नाही पोरी. शब्द देतो."

मिथुनने कटकट केली. मी पावतीपुस्तक कुलपात टाकलं. मग माझे नियम: चहा नाही, मोबाइल बिस्किटाच्या डब्यात, पाय धुऊन आडवं व्हायचं, आणि झोप येतेय का हे बघत बसायचं नाही. शेडच्या खिडकीला मी काळी ताडपत्री ठोकली आहे.

"काका, तुमी आमच्या आयशीवर गेलाव," तो म्हणाला आणि वाक्य संपायच्या आत घोरायला लागला.

टँकर पाट्यावरच राहू दिला. मागे गाडीच नव्हती.

एक वाजून दहा मिनिटांनी आकडा पडला. हळूहळू नाही, एकदम. अकरा हजार दोनशे चाळीस.

मी सुस्कारा सोडला.

शेडच्या दारातच पिंपांचा छोटा काटा असतो. त्यावर लाल आकडे उजळले. सत्तर. मग शून्य.

दारात कुणी नव्हतं. घोरणं थांबलं होतं.

मी उठलो नाही. उन्हाने यंत्रं तापतात, असं वहीत लिहिलं.

चारच्या सुमाराला मिथुन बाहेर आला. चेहरा स्वच्छ, बटणं बरोबर. चहा विचारला, तर हसून मान हलवली. पावती घेतली, केबिनमध्ये चढला, दार ओढून घेतलं, इंजिन सुरू केलं.

सवयीने माझी नजर आकड्याकडे गेली. आता तो आत बसला होता. तीनशे दहा हवे होते.

अकरा हजार दोनशे चाळीस.

त्याने हात केला. टँकर पाट्यावरून उतरला, वळणावरून दिसेनासा झाला. आकडा शून्यावर आला.

फोन वाजला. प्राची. "काका, त्याचा फोन लागतो पण उचलत नाही. निघाला का तो?"

फोन कानाला लावून मी शेडमध्ये डोकावलो. मिथुनचा मोबाइल बिस्किटाच्या डब्यातच होता. ताडपत्रीच्या अंधारात खाट दिसत होती. खाटेवर कुणी नव्हतं. नायलॉनच्या पट्ट्या मधोमध खाली दबलेल्या होत्या, आणि चादर संथपणे वर होत होती, खाली होत होती.

"काका? ऐकू येतंय ना? झोपवलात ना त्याला?"

मी आवाज उतरवला.

"हळू बोल पोरी," मी म्हणालो. "अजून झोपलाय."