कोपऱ्यापर्यंत

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज फक्त कोपऱ्यापर्यंत चालत जायचं. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं. मी त्याच्या काचेला बोट लावायचे आणि परत फिरायचे. बोट लागलं की आजचं झालं.

सातव्या दिवशी चष्मेवाला फडकं घेऊनच बाहेर आला. "अहो, सहा दिवस तुमचं बोट पुसतोय... काचेवर काही राग आहे का?"

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "राग नाही, मला नैराश्य आहे. इथवर येणं हे माझं औषध आहे – तुम्ही तुमचं पुसा."

त्याने चेहरा पाडला नाही की कीव केली नाही. "मग जरा खाली लावाल का? इतक्या वर पुसायला मला स्टूल लागतं."

खरंच बुटका होता तो. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले.

घरी मात्र एकच धोशा. दादा म्हणायचा, आधी बरी हो, नोकरीचं नंतर. वहिनी म्हणायची, लग्नाचंही नंतर. जणू माझं आयुष्य यांनी माळ्यावर टाकून ठेवलं होतं. मग मीही हट्टाला पेटले. रोज खिडकी उघडायची, एक तरी कप विसळायचा, गोळी चुकवायची नाही, आणि केस विंचरले नाहीत तरी कोपरा गाठायचाच.

हळूहळू मी काचेच्या आत, त्याच्या स्टुलापर्यंत पोहोचले. तो भिंगं घासायचा, मी बघत बसायचे. त्याची नजर माझ्यावर रेंगाळायची आणि भिंग उगाच जास्त घासलं जायचं... हे मी त्याला सांगितलं नाही.

पण धंद्याची खोड जाते कुठे? डोळे तपासताना भिंगं बदलत 'आता बरं, की मघाशी बरं होतं?' असं विचारतात ना, तसं तो मलाही विचारू लागला – "आज बरं, की काल बरं होतं?" आधी गंमत वाटली. मग मी घरूनच उत्तर तयार करून न्यायला लागले. एका सोमवारी अंथरुणातून उठवेना. 'आज वाईट' असं सांगावं लागेल म्हणून मी गेलेच नाही. चार दिवस गेले नाही.

पाचव्या दिवशी स्वतःचाच संताप आला. चार दिवसांचा तोच चुरगळलेला कुर्ता, केसांचा गुंता. वहिनी म्हणाली, "अशी जाणार?"

म्हटलं, अशीच जाणार.

दुकानात एक आजोबा तपासणीची चौकट डोळ्यांवर लावून बसले होते. मला बघून चष्मेवाला "आज..." म्हणाला आणि थांबला.

"आज वाईट आहे. उद्याचं माहीत नाही. रोज त्या अक्षरांच्या तक्त्यावरची एक ओळ खाली वाचून दाखवायला मी काही तुमच्या रुग्णांपैकी नाही."

"चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. "विचारलं नाही तर काळजी नाही असं वाटेल, म्हणून..."

"अजून एक," मी म्हणाले. "तुम्ही मला आवडता. बरी होईपर्यंत हे मी दाबून ठेवणार नाही. कदाचित कधीच पूर्ण बरी होणार नाही, तरी आवडाल. झेपणार असेल तर आत्ता सांगा."

आजोबा चौकटीतून आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना तसंच सोडून तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कान लाल झाले होते त्याचे.

"मला आजच्या तुम्ही आवडता," तो म्हणाला. "उद्याच्या आल्या, की त्यांनाही सांगेन."