‘ग’ आला तुमच्यावर

“विसरणार म्हणजे काय?”

गंधालीचा आवाज इतका चढला की सुयोगच्या हातातला चहा बशीत सांडला. तो नुकताच आईला दवाखान्यात दाखवून येऊन बसला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे वेड नव्हे, पण वयाच्या मानाने विसर जास्त आहे. रोज चालायला न्या, चालताना डोक्यालाही काम द्या, त्याने विसर वाढायचा वेग थोडा कमी होईल. बायकोला आपल्या आईचा इतका कळवळा आलेला पाहून सुयोगचे डोळे भरून आले... बिचारा! तिच्या अंतःकरणात एकच आक्रोश उठला होता, की ही बाई सगळं विसरून मोकळी होणार, आणि मग मी जाब विचारू तरी कोणाला?

मुलुंडच्या त्या अख्ख्या इमारतीत तिला गंधाली म्हणून कोणी ओळखत नव्हतं. ती होती जयंती. लग्नात तांदळाच्या ताटात सासूबाईंनी, प्रेमाबाईंनी, अंगठीने ते नाव लिहवून घेतलं होतं. घाटकोपरच्या शाळेत मास्तर असलेले तिचे वडील, भाऊराव, भर मांडवात हात जोडून म्हणाले होते, “विहीणबाई, तेवढं नाव राहू द्या. तिच्या आईने ठेवलंय, आणि ती माउली आता नाही.”

“मुलगी दिलीत ना?” प्रेमाबाई म्हणाल्या होत्या. “मग नाव कशाला मागे ठेवता?”

असं त्यांनी सुनेचं नाव ठेवलं, आणि पुढे जन्मभर नावंच ठेवली. वरणाला, चालण्याला, माहेराला. तेही तिने गिळलं असतं... पण तो फोन! पंचवीस वर्षं होत आली असतील. ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती आणि बाहेर सासूबाई फोनवर बोलत होत्या, “गंधाली नावाचं इथे कोणी राहत नाही.” रिसीव्हर आपटला. पिठाच्या हातांनी ती धावत आली. “कोणाचा होता?” “राँग नंबर.” संध्याकाळी निरोप आला की भाऊराव गेले. शेवटच्या घटकेला लेकीचा आवाज मागत होते, आणि तो त्यांना मिळाला नाही.

त्याच तोंडातून ते नाव वदवून घ्यायचं, तिने ठरवलं. स्मृतीचा दिवा विझण्याआधी गुन्हा कबूल करून घ्यायचा. सूड म्हणा, काहीही म्हणा!

दुसऱ्या दिवसापासून सासू-सुना बागेत फेऱ्या मारू लागल्या. डोक्याला काम म्हणून गंधालीने नावांच्या भेंड्या काढल्या. बागेतल्या बायका सुयोगला म्हणत, सून असावी तर अशी! आणि सून मात्र सापळा लावत होती. फिरून फिरून ती ‘ग’वर आणून सोडायची. “पराग. ‘ग’ आला तुमच्यावर.” “अनुराग. परत ‘ग’.” स्वतःच्या नवऱ्याचंही नाव बेलाशक घ्यायची, “सुयोग. बोला आता.”

“गोदावरी,” प्रेमाबाई म्हणायच्या. कधी गणपत, कधी गोविंद. दूध आलं की नाही हे त्यांना आठवत नसे, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत, पण ‘ग’वर आल्या की डोळे बारीक करून म्हणत, “गंगा. घे, ‘ग’ तुझ्यावरच.” गंधालीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या अडखळल्या की तिला बरं वाटायचं, आणि त्या बऱ्या वाटण्याची लाजही वाटेनाशी झाली होती.

एके सकाळी प्रेमाबाईंचे गुडघे भरून आले. त्या बाकाकडे वळल्या.

“बसायचं नाही,” गंधाली म्हणाली. “भेंडी पुरी करा आधी. पराग. ‘ग’ आला तुमच्यावर.”

“दमले गो.”

“गंगा झाली, गोदावरी झाली, गोविंद झाला. दुसरं सांगा.”

प्रेमाबाईंनी कठड्याचा आधार घेतला. बराच वेळ ओठ हलत राहिले, आणि मग त्या हळूच म्हणाल्या, “गुणाजी.”

गंधाली थबकली. ते सासऱ्यांचं नाव. उखाण्याशिवाय या बाईने ते उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. बँकेत साहेबाने विचारलं तरी मुलाकडे बोट दाखवायची. आज तेही घेतलं, पण...

“‘ज’ आला तुझ्यावर,” प्रेमाबाई म्हणाल्या.

‘ज’वरून एकच नाव तिच्या जिभेवर आलं, जयंती, आणि इतक्या वर्षांचा संताप बांध फोडून बाहेर पडला. “नवऱ्याचं नाव घ्याल, पण माझं घेणार नाही! इतकं कसं हो पुसून टाकलंत मला? माझे बाबा तडफडत गेले, आणि तुम्ही... तुम्ही खुशाल विसरलात?”

प्रेमाबाई बाकावर बसल्या. नजर लख्ख होती.

“इसारलंय नाय गो,” त्या आपल्या माहेरच्या मालवणीत म्हणाल्या. “कालचं जेवण विसरते मी. तो फोन नाही विसरत. मास्तरांचा आवाज कसा खोल गेला होता... मला कळलं होतं, माणूस आजारी आहे. तरी ठेवला. माझ्यासमोर माझ्या सुनेला दुसऱ्या नावाने कोण हाक मारतो, म्हणून ठेवला. पापीण आहे मी.”

“मग नाव का घेत नव्हतात? रोज तेवढंच मागत होते ना मी?”

“तुका काय व्हया ता माका पयल्याच दिवशी कळला.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “मला वाटायचं, एकदा ते नाव दिलं की तुझं काम झालं. मग तू कशाला आणशील मला इथे? अख्ख्या दिवसात तू तेवढंच बोलतेस माझ्याशी.”

सूड घ्यायला आणलेल्या या फेऱ्या ही म्हातारी पोटाशी धरून बसली होती... आणि आपण तिचे दमलेले पाय पाहूनही खूश होत होतो! बाबांसाठी काळीज अजून जळतच होतं. ते विझलं नाही. पण तिची बोटं त्या सुजलेल्या गुडघ्यावर कधी गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

“गंधाली,” प्रेमाबाई म्हणाल्या. एकेक अक्षर जपून, तांदळात लिहावं तसं. मग पुन्हा, “गंधाली. चुकले मी.”

तिच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या वर्षांनी कोणीतरी तिला हाक मारली होती, आणि मारणारी ही!

“‘ल’ आला तुझ्यावर,” प्रेमाबाई चाचरत म्हणाल्या. “हरणारा दुसऱ्याला उद्या परत घेऊन येणार. कबूल?”

लक्ष्मी, लीला, ललिता, लता... सगळ्या जणी तिच्या ओठांवर येऊन उभ्या राहिल्या. तिने एकीलाही बाहेर पडू दिलं नाही.

“नाही सुचत, आई,” ती म्हणाली. “हरले मी.”