आत राहिलेला खोकला

पटणार नाही त्यांनी सोडून द्या. हे माझ्या मावशीच्या घरात, भरदुपारी घडलंय.

मावशीचा थोरला भाऊ, माझा मामा, शिंपी. हिवाळ्यात त्याच्या दुकानाला आग लागली. तो आतच होता. धुरात त्याला दार सापडलं नाही.

मावशीने हाय खाल्ली. जिन्यातली अडगळ हलवली, जाळीच्या दाराचं कुलूप काढून टाकलं. धूर दिसला की रांगायचं, काही घ्यायला मागे फिरायचं नाही, घरासमोरच्या विजेच्या खांबापाशी जमायचं, असं पोरांना घोकवलं. नवरा म्हणाला, हिच्या घरात येण्यापेक्षा निघायचीच घाई जास्त.

पहिला सराव रविवारी झाला. मावशीने पातेलं बडवलं. सगळे रांगत निघाले, खांबापाशी आले. नवरा, लेक, मुलगा, ती स्वतः.

आणि आत...

कोणीतरी खोकलं.

नवरा जाऊन बघून आला. घर रिकामं होतं. मग मात्र त्याने थट्टा केली नाही.

पुढच्या सरावालाही तेच. आता मावशीने ओळखलं. खोकून झाल्यावर घसा खाकरायची ती लकब थोरल्याचीच.

तिने सगळ्यांना लांब पाठवलं. दारात उभी राहिली.

"दादा, दार उघडं आहे. माझ्या आवाजाच्या रोखाने ये."

खोकला थांबला.

मग... सर... सर...

भिंतीवरून तळहात फिरत होता.

ती आत गेली. आवाज मागच्या खोलीत होता. भिंत कोरी. तिथे दार नाही, खिडकीसुद्धा नाही. हात मात्र एकाच जागी येऊन थांबायचा, कडी चाचपायचा, पुन्हा फिरायचा.

तेव्हा तिला दुकान आठवलं.

दुकानात दार त्याच बाजूला होतं.

तो तिच्या घरात नव्हताच. तो अजून दुकानातच होता.

"त्या दाराने नाही रे दादा. मागे वळ, माझ्या घराचं दार उघडं आहे."

सर... सर...

त्याला ऐकू गेलं नाही.

नवरा म्हणाला, बंद कर हा सराव. पण पोरांचं काय? तिच्याने बंद करवत नाही. प्रत्येक वेळी ती पोरांना बाहेर काढते, भावाला आत ठेवून येते. पोरं आता डोळे मिटूनही निघतात.

खांबापाशी उभी राहून मावशी कान दाबून धरते.

गेल्या महिन्यात मीही तिथे होतो. मी कान दाबले नाहीत. ती सर... सर... अजून माझ्या कानात आहे.

दाबायला हवे होते...